सुनेच्या डोळ्यातली लेन्स

९ मे

सुनेला नंबर आहे. चांगला मोठा असणार. व्याह्यानं, जानूअण्णानं फसवलं!

अमृतचं लग्न होऊन आठवडाही झाला नाही. संशय पहिल्या दिवसापासून होता, आज पक्कं झालं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अपेक्षा बाथरूममध्ये जाते, तेव्हा दोन बारीक आवाज येतात. टिक — टिक. पावडरच्या डबीचे नव्हेत, ब्रशचे नव्हेत. एवढी वर्षं लोणावळ्यात लॉज चालवतोय, भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक दाढी करतंय की बाटली उघडतंय ते मला काउंटरवर बसून कळतं. ही लेन्सच्या डबीची जुळी झाकणं. पुण्या-मुंबईच्या पोरी खोल्यांमध्ये विसरून जातात, तसल्या डब्या आमच्या खणात खंडीभर पडल्यात.

आणि आज दुपारी ती गच्चीवर कुरडया उलथत होती, मी खाली जिन्यात. आईशी फोन चालला होता, दबक्या आवाजात. ‘संपलं गं ते लेन्सचं औषध... अगं, इथून कसं आणू? मेडिकलवाला आबांच्या रोजच्या बसण्यातला... हो, साध्या पाण्यात ठेवते. काही होत नाही.’ आबा म्हणजे मी.

शालूनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पोरगी शोधताना एकच अट घातली होती. शेती नसली तरी चालेल, शिक्षण कमी चालेल, पण चष्मा नको. ‘आय चष्म्याची तर पोरं बी चष्म्याची. माझी नातवंडं भिंगाआडनं बघायला नकोत.’ शिरगावात पोह्याची बशी हातात असताना मी स्वतः विचारलं होतं जानूअण्णाला. तो हसून म्हणाला, ‘डोळे बघा की पोरीचे, हौशीभाऊ! काजळ घातल्यावानी!’

डोळे बघा म्हणाला. चष्मा नाही असं म्हणालाच नाही! मी एवढा तिखट कानाचा, आणि हे नेमकं निसटलं. साईबाबांच्या देवळापुढं हार विकून विकून तोंडही फुलासारखं झालंय माणसाचं.

पोरगी मात्र गुणी. आल्या आल्या लॉजचे जुने फोटो काढून टाकले, नवे चढवले, आणि ज्या गिऱ्हाईकांनी आम्हाला शिव्या लिहिल्या होत्या त्यांना इतकी गोड उत्तरं दिली की एकानं परत बुकिंग केलं. मी लोहगडवाडीत ट्रेकिंगवाल्यांना लिंबूसरबत विकत धंद्याला लागलो, माणूस मला लगेच कळतो. राग बापाचा आहे. तिचा नाही.

१० मे

विक्कीच्या मेडिकलमधून लेन्सच्या औषधाची बाटली आणली.

‘काय हौशीभाऊ, तुम्ही पण लेन्सा? ह्या वयात हिरोगिरी?’

‘गिऱ्हाईकानं मागवलीय.’

‘मग डबी पण न्या नवी. जुनी डबी वर्ष-वर्ष वापरतात लोक. चहाचा कप तरी धुतात!’

डबीही घेतली. दोन्ही गाडीच्या डिकीत आहेत. द्यायची कशी? सासऱ्यानं सुनेला म्हणायचं, घे बाई, मला सगळं ठाऊक आहे, म्हणजे तिचं तोंड एवढंसं होणार. शालूला कळलं तर घराचं कुरुक्षेत्र. घर पाहुण्यांनी भरलंय. मंगळवारी जागरण-गोंधळ. तो पार पडू दे, पाहुणे पांगू देत, मग तिला गाडीत बसवून शांतपणे बोलेन.

आणि खरं लिहायचं तर, हा पत्ता हातात आहे हे बरंही वाटतंय. जानूअण्णापुढं कधीतरी टाकीन. धंद्यात हेच शिकलो. कळलं की लगेच बोलायचं नाही.

१२ मे

पाहुणे, पाहुणे, पाहुणे! टाकी दुपारीच आटली. टँकर बोलावला. पाण्याला शेवाळाचा वास, पण वापरायला काय होतंय.

१४ मे

गोंधळ झाला. अंगात त्राण नाही.

वाघ्या-मुरळी झकास होते. आमची म्हातारी, माझी आई अंबूबाई, गुडघे धरून का होईना पण नाचली! भंडारा तर इतका उधळला की सकाळी उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत सगळं पिवळं. अपेक्षा अमृतच्या शेजारी पाटावर. डोळ्यांतून नुसती धार. पुसायला पदर उचलला तर चुलती ओरडली, ‘पुसू नगं! देवाचा भंडारा हाय, जाऊ दे डोळ्यात.’ बाकीच्या बाया आपसात म्हणत होत्या, माहेर आठवलं गं पोरीला. मला ठाऊक होतं तिला काय आठवत होतं.

उजाडल्यावर टँकरच्या पाण्याच्या पिंपाशी बसून तिनं खसाखसा डोळे धुतले. लेन्सा आत असतानाच. मग खोलीत जाऊन तशीच आडवी झाली. कान देऊन बसलो होतो. झाकणांचा आवाज आला नाही.

आज बोलायला हवं होतं. चुलतीला एसटीत बसवून द्यायला गेलो.

१५ मे

अपेक्षाचा डावा डोळा लाल. नुसता लाल नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखा. उजेडाकडे बघवत नाही म्हणते.

म्हातारीनं लांबूनच निकाल दिला, ‘डोळं आल्यात! लांब ऱ्हावा तिच्यापून!’ झालं. वेगळा टॉवेल, वेगळी उशी, अमृतचा काळा गॉगल. चष्मेवाल्या पोरीला गॉगल! हसावं की रडावं!

शालूनं फ्रिजमधून थेंबांची बाटली काढली. म्हातारीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची, उरलेली.

मी म्हटलं, ‘कुणाला तरी विचारून घाल.’

‘आत्याबाईंचा डोळा बरा झाला का न्हाई? मग! डोळ्याचं औशीद डोळ्यात घालाया कुनाला इचारायचं?’

अपेक्षाचं डोकं मांडीवर घेतलं, केस मागे सारले, हलक्या हातानं थेंब सोडले. ‘डोळं मिट गं माजी बाय.’ मायेनंच घातले. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

१६ मे

लाली उतरली! निम्म्याहून जास्त. शालू मिरवतेय, ‘बगितलं? डाक्टरला पाचशे घालवाया निगालं व्हतं!’  बायकोचा विजय झाला की नवऱ्यानं चहा मागावा. मागितला.

उद्या नवी जोडी एकवीरेच्या पाया पडायला न्यायची ठरलीय. फोटोवाला सांगितलाय.

१७ मे

पहाटे टिक — टिक.

म्हणजे त्या डोळ्यात पुन्हा घातली! मी उठून बाथरूमच्या दारापर्यंत गेलो. दार वाजवायला हात वर केला. आतून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. मग एक बारीक ‘आई गं’.

सून आत असताना सासऱ्यानं न्हाणीचं दार कसं वाजवायचं? हात खाली आला. माघारी फिरलो.

कार्ल्याला गेलो. डिकीत बाटली, मागच्या सीटवर ती, पुढं मी. पायऱ्या चढताना दोनदा अमृतच्या खांद्यावर कलंडली. फोटोवाला म्हणाला, वहिनी, इकडं बघा, डोळे उघडे! उघडले तिनं. सगळ्या फोटोंत उघडे आहेत.

१८ मे

डोळा उघडतच नाही. चिंचोक्याएवढा सुजलाय. पापणी ओढून बघितली तर बुबुळावर पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीसारखा. रात्रीत आला.

पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. शालू, अमृत, मी. डॉक्टर तरुण बाई. यंत्रातून बघितलं आणि मान न हलवता विचारलं, ‘लेन्स कधीपासून वापरतेस?’

‘लेन्स? कसली लेन्स?’ शालू म्हणाली.

अपेक्षानं चांगल्या डोळ्यानं शालूकडं बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘सासूबाईंकडे नाही. माझ्याकडे बघ.’

मग एकेक करून बाहेर आलं. रात्री काढायचीस? — नाही, सकाळी चष्मा लागला असता, तो माहेरी. पहाटे घटकाभर काढून ठेवायची. — कशात ठेवायचीस? — पाण्यात. — कुठल्या? — नळाच्या. मग टँकरच्या. — डोळा लाल झाल्यावर? — परवा काढली होती. काल परत घातली, देवीला जायचं होतं.

शालूनं पर्समधून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. काहीतरी केलंय हे दाखवायला. डॉक्टरांनी ती उचलून वाचली आणि खाली ठेवली.

‘हे ऑपरेशननंतर सूज उतरायला देतात. लाली जाते ह्यानं. जंतू जात नाही. अंगाची लढायची ताकद तेवढी कमी होते. तुम्हाला वाटलं डोळा बरा होतोय. जंतू आत खात होता.’

शालू खुर्चीवर बसली. तिच्या तोंडाकडं बघवेना.

भरती करून घेतलं. बुबुळाला जखम झालीय. खरवडून तपासायला पाठवलंय. नजर राहील का म्हणून विचारलं. ‘आधी डोळा राहू दे’, म्हणाल्या.

१९ मे

डॉक्टरांना गाठलं. धंद्याच्या माणसाला विचारावं तसं विचारलं. बाई, काय केलं असतं म्हणजे हे झालं नसतं? त्यांना घाई होती, तरी उभ्या राहिल्या.

काही अवघड नाही म्हणे. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, मगच लेन्सला बोट लावायचं. पाणी तिला लागूच द्यायचं नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळलेलंही नाही. आंघोळीला, पोहायला, झोपायला जाताना काढायची. औषध रोज ताजं घ्यायचं, कालच्यात आजचं ओतायचं नाही. डबी त्याच औषधानं धुवून उपडी वाळवायची आणि दर काही महिन्यांनी फेकायची. धूळ-धूर असेल त्या दिवशी चष्मा. आणि डोळा लाल झाला, दुखला, पाणी आलं, की सगळ्यात आधी लेन्स बाहेर आणि माणूस दवाखान्यात. दुसऱ्याचे थेंब? त्यावर नुसतं बघितलं माझ्याकडं.

शाळेतल्या पोराला कळेल एवढंच! पण ह्यातलं एकही काम लपून होत नाही. बेसिन लागतं, आरसा लागतो, उजेड लागतो, जरा वेळ लागतो. आणि ‘माझा चष्मा द्या हो कुणी’ असं मोठ्यानं म्हणायची सोय लागते. लॉजमध्ये येणाऱ्या परक्या पोरींना मी एवढं सगळं देतो. भाड्यानं.

२० मे

जानूअण्णा आला. हातात पेढ्याचा पुडा, अंगारा आणि तिचा चष्मा. चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. 

शालू तिथं व्हरांड्यातच सुटली. ‘फसवलंत आमाला! हिरा म्हून गारगोटी गळ्यात बांधलीत! देवाच्या दारात बसून खोटं बोलताय, जीब झडंना का तुमची?’

पेशंट, नर्सा, सगळे बघायला लागले. जानूअण्णा मान खाली घालून उभा. म्हणाला, ‘ताई, दोन ठिकाणं मोडली चष्म्यापायी. बापाला काय सुचणार?’

‘ते आमच्या जिवावर व्हय?’

‘तुमच्या कुठं ताई. पोरीच्याच जिवावर आलं की.’

अमृत खिडकीशी मोबाइलमध्ये डोकं घालून.  माझा पत्ता असा आपोआप उघडा पडला आणि हातात काही आलं नाही.

२१ मे

दवाखान्याच्या जिन्यात होतो. वरच्या वळणावर अमृत आणि ती. तिला तपासायला खाली नेत होता. मी दिसत नव्हतो त्यांना.

‘आईला एवढ्यात सांगू नको हां, मला माहीत होतं म्हणून. आधीच पेटलीय ती.’

‘साखरपुड्याच्या आधीच सांगितलं होतं मी तुला.’

‘हो गं. म्हटलं होतं ना, हळूहळू सांगू घरात.’

‘किती हळू, अमृत?’

मग पावलं नुसती.

भित्रा! पोरीनं सरळ सांगितलं होतं, आणि हा नवरा रोज रात्री तिला डोळ्यात भिंग ठेवून झोपताना बघत होता! काल आई तिच्या बापाला गारगोटीवाला म्हणाली तेव्हा मोबाइल बघत होता! कानफटात द्यावीशी वाटली. जिना चढून वर जावं म्हणून पाय उचलला, आणि डिकी आठवली. कुठल्या तोंडानं जाऊ. कठड्याला धरून तसाच उभा राहिलो. वॉर्डबॉय म्हणाला, काका, बाजूला व्हा, स्ट्रेचर येतंय.

२४ मे

जंतू औषधाला वळला. तासातासाला थेंब चालू आहेत. डोळा राहिला. नजरेचं मागाहून बघू, म्हणतात.

२७ मे

सोडलं. जानूअण्णा गाडी घेऊन दारात होता. ‘थोडे दिवस माहेरी नेतो.’ शालूनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अमृत म्हणाला, ‘बरं होईल, आराम पडेल.’ बरं होईल!

ती आमच्या पाया पडली. चष्मा लावून. चष्म्यात मी तिला पहिल्यांदाच बघितली. छान दिसते. हुशार दिसते. आहेच.

५ जून

लॉजच्या प्रत्येक आरशाखाली सूचना चिकटवली. लेन्स वापरत असाल तर आधी साबणानं हात धुवा, लेन्सला नळाचं पाणी लावू नका, झोपताना काढा, पोहताना काढा, औषध विसरला असाल तर काउंटरवर मागा. आता काउंटरवर दोन बाटल्या कायम असतात.

आज एक पोरगा बायकोला दाखवून हसत होता, ‘हे बघ, चिक्की मिळेल का विचारलं तर नाही म्हणाले, आणि लेन्सचं सोल्युशन ठेवलंय!’

हसा. शालूनं मात्र सूचना वाचली आणि टॉवेल बदलायला म्हणून त्या खोल्यांत जाणंच सोडलंय. विक्की विचारत होता, अपेक्षावहिनी बऱ्या आहेत का? लोणावळ्यात आता सगळ्यांना माहीत आहे. जे लपवण्यासाठी एवढं केलं, ते भाजीवालीलाही माहीत आहे.

२२ जून

पुतण्या निलेश आला होता. वकिलाकडं लिहायला असतो, त्यामुळं तोंडात कायम कायदा. ‘काका, ही सरळसरळ फसवणूक. डाग पडलाय म्हणे बुबुळावर, दिसत नाही त्या डोळ्यानं. आत्ताच मोकळं करून घ्या. अमृतला काय पोरींचा तोटा?’

शालू ऐकत होती. मग म्हणाली, ‘फसवलं तर हाईच.’ अमृत तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत होता. पेला भरून वाहिला तरी ओतत होता.

ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, गिऱ्हाईकानं चादर पेटवली होती तेव्हाही नाही. ‘बोल की! तुझी बायको आहे! तुला काय वाटतं ते बोल!’

‘आई म्हणेल तसं,’ म्हणाला.

निलेशला चहा न देता घालवला. एवढंच जमलं.

१३ जुलै

एकटाच शिरगावला गेलो. देवळापुढं गर्दी. जानूअण्णा हार ओवत होता, मला बघूनही ओवत राहिला. बाकड्यावर बसलो.

‘पोरगी कुठंय?’

‘देवळाच्या कार्यालयात. कॉम्प्युटरवर बसते. उजव्या डोळ्यावर सगळं चाललंय.’

 मग मीच म्हटलं. का म्हटलं ठाऊक नाही, पोटात राहीना. ‘अण्णा, मला कळलं होतं. गोंधळाच्या आधीच. औषधाची बाटलीसुद्धा आणून ठेवली होती.’

सुई थांबली.

‘मग?’

‘मग काय. पाहुणे होते घरात.’

त्यानं झेंडूचं एक फूल उचललं, देठ खुडला, ओवलं. शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, मी खोटं बोललो, ते माझ्या मानेवर. पण मी बोललो ते पोरीचं घर व्हावं म्हणून. तुम्ही गप्प बसला ते कशापायी?’

एवढं तोंड चालतं माझं, अख्ख्या मावळात चालतं. तिथून नुसता उठलो. परत येताना वडगावपर्यंत गाडीत एकटाच उत्तरं देत आलो. एकही पटण्यासारखं नव्हतं.

९ ऑगस्ट

अपेक्षाचा फोन. अमृतला नाही, मला! डाग वाळलाय, पण बुबुळ खडबडीत झालंय, चष्म्यानं त्या डोळ्याला नीट दिसत नाही. डॉक्टर म्हणतात एकच उपाय करून बघू. कडक जातीची लेन्स.

पुन्हा लेन्स! ‘भीती वाटते का गं?’ विचारलं. म्हणाली, ‘लेन्सची नाही, आबा.’

१८ ऑगस्ट

पुण्याचा दवाखाना. मी, जानूअण्णा, ती. अमृतही आला, मी बोलावलं नव्हतं. आला ते बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

तिनं बेसिनपाशी हात धुतले. साबण, बोटांच्या बेचक्या, नखं. कागदानं कोरडे केले. डॉक्टरीणबाई नुसत्या बघत होत्या, बोलायची गरज पडली नाही. लेन्स बोटावर घेतली, बसवली. डोळ्यातून पाणी आलं, पापणी फडफडली, मग थांबली. चांगल्या डोळ्यावर पट्टी ठेवून भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. वरचं मोठं अक्षर वाचलं. त्याच्या खालची ओळ. त्याच्या खालची. आवाज मोठा मोठा होत गेला तिचा. जानूअण्णा टोपी काढून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

बाहेर मी म्हटलं, ‘चल घरी. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी चष्मा लाव, ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी लेन्स. कोण काय म्हणतो बघतो मी.’

‘येते, आबा. पण आईंनी अण्णांना दवाखान्यात फसवे म्हटलं, चारचौघांत. त्यांची जीभ झडो म्हणाल्या. ते त्यांनी माघारी घ्यावं. शिरगावला येऊन. मग येते. आणि लेन्स बेसिनपाशीच लावणार, दार उघडं ठेवून.’

अमृत म्हणाला, ‘मी सांगतो आईला.’

‘हळूहळू?’ ती म्हणाली.

तो लाल झाला. मग म्हणाला, ‘उद्याच.’

१९ ऑगस्ट

जेवताना विषय काढला. शालू भडकली, ‘फसवलं त्येंनी, आन माफी म्या मागू?’ मी म्हटलं, मला गोंधळाच्या आधीपासून ठाऊक होतं. अमृत उभा राहिला. म्हणाला, ‘आई, मला लग्नाच्या आधीपासून.’

शालूनं ताट पुढं सरकवलं.  मग कोपऱ्यातून म्हातारी बोलली, घास चावत चावत.

‘हळद उतरवताना माज्या बोटाला लागल्या की. नाकाच्या दोनी अंगाला खळ्या, चष्म्याच्या. म्या शालूला तवाच बोलले. ती म्हनली, ऱ्हाऊ द्या आत्याबाई, कवा सांगती बगू.’

घरात माणसं आम्ही चार. चष्मा चौघांना ठाऊक होता.